गणवेश, हुद्दा आणि शिक्का

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हे भाषण स्मरणिकेत छापावयाचे ठरल्यामुळे, जे त्या दिवशी सभागृहात नव्हते त्या वाचकांनाही मी आता श्रोत्यांतच धरतो. विषय सैन्यातील स्त्रियांचा आहे. शिक्षकाने या विषयात का पडावे, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर देण्यासाठी मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

१९९५ साली मी आठवीच्या वर्गाला 'मी कोण होणार' हा निबंध दिला होता. एका मुलीने लिहिले होते, 'मी सैन्यात अधिकारी होणार.' वही परत देताना मी हसून म्हणालो, "बेटा, त्यापेक्षा नर्स हो. सेवाही होईल आणि घरही सांभाळता येईल." सारा वर्ग हसला. मुलगी वही घेऊन मुकाट्याने जागेवर जाऊन बसली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही.

पुढे मला कळले की त्या एका वाक्यात माझी दोन अज्ञाने होती. सैन्याने वैद्यकीय व परिचर्या सेवांव्यतिरिक्त इतर शाखांतील अधिकारीपदांचे दार स्त्रियांसाठी १९९२ सालीच उघडले होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दुसरे असे की, लष्करी परिचारिका ही देखील अधिकारीच असते. ती लेफ्टनंट असते, कॅप्टन असते, मेजर असते. मी मात्र 'नर्स' हा शब्द 'तुझ्या आवाक्यातले काहीतरी' अशा अर्थाने वापरला होता. म्हणजे एका मुलीचा मी हिरमोड केला आणि एका सबंध सेवेचा अपमानही केला.

वाचकहो, यालाच मी शिक्का म्हणतो. माणूस काय करू शकतो हे पाहण्यापूर्वीच त्याच्यावर उमटतो तो शिक्का.

आपली भाषाच पाहा. पाटलाची बायको पाटलीण, सुभेदाराची सुभेदारीण, मामलेदाराची मामलेदारीण. हुद्द्याचे स्त्रीलिंगी रूप केले की तो हुद्दा नवऱ्याचा होतो. स्वतःच्या कर्तबगारीवर सुभेदार झालेल्या बाईसाठी जुन्या मराठीत शब्दच नाही, कारण तशी बाई असेल अशी कल्पनाच कोणी केली नव्हती. सैन्यातही तेच. जवान अधिकाऱ्याला 'साहब' म्हणतो आणि अधिकाऱ्याच्या पत्नीला 'मेमसाहब'. पहिला मान हुद्द्याचा, दुसरा नात्याचा. खांद्यावर तारे घेऊन एक स्त्री समोर उभी राहिली, तर तिला काय म्हणावे? प्रश्न लहान दिसतो, पण तिला तिच्या हुद्द्याने ओळखायचे की तिच्या बाईपणाने, हा सगळा वाद त्यात आला.

थोडा इतिहास पाहू. १८८८ साली लष्करी रुग्णालयांसाठी प्रशिक्षित परिचारिकांची पहिली तुकडी मुंबई बंदरात उतरली. १९४३ साली सिंगापूर येथे नेताजींच्या आझाद हिंद सेनेत झाशीची राणी रेजिमेंट उभी राहिली आणि कॅप्टन लक्ष्मी यांनी तिचे नेतृत्व केले. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या लष्कर कायद्याच्या बाराव्या कलमाने ठरविले की, केंद्र सरकार अधिसूचनेने सांगेल त्या शाखा सोडल्यास स्त्रीला नियमित सैन्यात घेता येणार नाही. १९९२ साली काही शाखांसाठी तशी अधिसूचना निघाली, पण नेमणूक प्रथम पाच वर्षांचीच होती. पुढे ती मुदत वाढत चौदा वर्षांपर्यंत गेली. पेन्शनसाठी वीस वर्षांची नोकरी लागते. म्हणजे ऐन उमेदीची चौदा वर्षे देऊन चाळिशीच्या उंबरठ्यावर पेन्शनशिवाय घरी जायचे. पुरुष अधिकाऱ्याला कायम नेमणूक मागता येत असे, स्त्रीला ती मागण्याचीच सोय नव्हती. २००८ साली ती फक्त विधी आणि शिक्षण या दोन शाखांपुरती झाली.

या स्त्रियांना काय वाटत होते, हे त्यांच्या कृतीवरून कळते. त्या न्यायालयात गेल्या. २००३ साली दिल्ली उच्च न्यायालयात सुरू झालेल्या या लढ्याचा सर्वोच्च न्यायालयातील निकाल १७ फेब्रुवारी २०२० रोजी लागला. सतरा वर्षे! या खटल्यात सरकारतर्फे जी कारणे मांडली गेली, ती प्रत्येक पालकाने वाचावीत अशी आहेत. स्त्रीची शारीरिक शक्ती कमी. तिच्यावर बाळंतपणाची, मुलांची, घराची जबाबदारी. आणि जवान बहुतांशी खेड्यातून आलेले असल्यामुळे स्त्रीचा हुकूम मानण्याची त्यांच्या मनाची अजून तयारी नाही. न्यायालयाने ही कारणे फेटाळली. ही सगळी स्त्री-पुरुषांविषयीची ठरीव गृहीतके आहेत, असे न्यायालयाने सांगितले आणि कायम नेमणुकीचा हक्क दिला.

निकालात स्त्री अधिकाऱ्यांच्या कामगिरीचीही नोंद आहे. २०१० साली काबूलमध्ये भारतीयांच्या निवासावर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा शिक्षण शाखेतील मेजर मिताली मधुमिता यांनी जखमींना वाचविण्यासाठी धाव घेतली. त्या शौर्याबद्दल त्यांना सेना पदक मिळाले. काम कागदावर नोंदलेले होते, तरी कित्येक वर्षे ते गृहीतकापुढे कमी पडले.

शिक्का नुसता तोंडी राहत नाही, तो कागदावर उतरतो. याचा दाखला २५ मार्च २०२१ च्या दुसऱ्या निकालात आहे. कायम नेमणूक देताना या अधिकाऱ्यांचे जुने वार्षिक गोपनीय अहवाल तपासले गेले. पण ते अहवाल लिहिले गेले तेव्हा, 'ही बाई पुढे राहणारच नाही' अशा समजुतीने वरिष्ठांनी ते वरवर लिहिलेले होते. आधी मनात ठरविले की ही राहणार नाही, म्हणून शेरा निष्काळजीपणे लिहिला, आणि मग त्याच शेऱ्यावर बोट ठेवून सांगितले की ही राहण्यास योग्य नाही! तीच गोष्ट वैद्यकीय तपासणीची. पुरुष अधिकाऱ्याची जी कसोटी पंचविशी-तिशीत घेतली जाते, ती या स्त्रियांना चाळिशी-पन्नाशीत लावली गेली. वरून पाहता नियम सर्वांना सारखा, पण भार एकावरच. न्यायालयाने हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरविला.

लग्नाचा शिक्काही असाच. १९७७ च्या एका लष्करी आदेशानुसार परिचर्या सेवेतील स्त्री अधिकाऱ्याने लग्न केले, तर तिला नोकरीतून काढता येत असे. असे कारण देऊन १९८८ साली एका लेफ्टनंटला काढून टाकण्यात आले. तो आदेश १९९५ साली रद्द झाला, पण त्या अधिकाऱ्याला न्याय मिळावयास २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. सर्वोच्च न्यायालयाने तिला साठ लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. पुरुष अधिकाऱ्याचे लग्न झाले की पेढे वाटले जातात, आणि हिच्या हातात मात्र नोकरी सुटल्याचा कागद!

आता कोणी म्हणेल, हे सगळे निंदेचे शिक्के झाले. स्तुतीला कशाला नावे ठेवता? वाचकहो, स्तुतीचाही शिक्का असतो. १५९५ साली अहमदनगरचा किल्ला चाँदबिबीने मोगलांविरुद्ध लढविला. आपण मुलांना काय शिकवितो? ती 'पुरुषासारखी' लढली. तटाची तजवीज, माणसांना धीर देणे, तहाची बोलणी हे सारे तिने केले ते स्वतःच्या बुद्धीने. श्रेय मात्र आपण पुरुषपणाला देऊन मोकळे होतो. मीही वर्गात तसेच शिकविले. चूक माझीही आहे.

शिवाय स्तुती फिरायला वेळ लागत नाही. २०२३ च्या प्रारंभी निवड मंडळाने १०८ स्त्री अधिकाऱ्यांना कर्नलच्या हुद्द्यासाठी वाट मोकळी केली आणि स्त्रिया निरनिराळ्या शाखांत तुकड्यांच्या प्रमुख होऊ लागल्या. पुढच्याच वर्षी एका वरिष्ठ सेनाधिकाऱ्याचे पत्र वर्तमानपत्रांतून गाजले. आठ स्त्री प्रमुखांच्या कामावरून त्यांत अहंकार आहे, सहानुभूती कमी आहे, अशी तक्रार त्यात होती. त्या आठजणींचे काम कसे होते ते मी सांगू शकत नाही. काही तक्रारी खऱ्याही असतील. पण पुरुष प्रमुख कडक असला तर आपण त्याला 'शिस्तीचा' म्हणतो. स्त्री मृदू असली तर 'हिला हुकूमत जमायची नाही', आणि कडक असली तर 'हिला गर्व झाला'. मग तिने वागावे तरी कसे? एका पुरुषाची चूक त्या माणसाची मानली जाते, एका स्त्रीची चूक सगळ्या स्त्रीजातीच्या खात्यावर मांडली जाते. सैन्यातील स्त्रीला हे ओझे पाठीवरच्या पिशवीपेक्षा जड होत असले पाहिजे.

आपल्या समाजातील मुलीवर तर आणखी एक शिक्का असतो. मार्च २०१६ मध्ये आपल्या पुण्यात अठरा देशांच्या सैन्यांचा संयुक्त सराव झाला. भारताच्या चाळीसजणांच्या तुकडीचे नेतृत्व संदेशवहन शाखेच्या लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांच्याकडे होते, आणि सगळ्या तुकड्यांच्या प्रमुखांत त्या एकट्याच स्त्री होत्या. ७ मे २०२५ रोजी 'ऑपरेशन सिंदूर'ची माहिती देशाला द्यावयास कर्नल कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग पुढे आल्या, तेव्हा घरोघरी लोकांनी त्यांना पाहिले. थोड्याच दिवसांत मध्य प्रदेशातील एका मंत्र्याने कर्नल कुरेशींच्या धर्मावरून हीन उद्गार काढले. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेऊन गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. त्याच सुमारास दुसरीकडे त्यांना 'आमची बेटी' म्हणून डोक्यावर घेणारेही पुष्कळ होते, त्यांत आपणही होतो. भावना चांगली होती. पण एका बाजूने धर्म पाहिला, दुसऱ्या बाजूने लेक पाहिली. पंचवीस वर्षे नोकरी करून मिळविलेला कर्नल हा हुद्दा किती जणांनी पाहिला?

एक आक्षेप मी टाळणार नाही. स्त्री-पुरुषांच्या शरीरात फरक आहे आणि युद्ध हा खेळ नव्हे; तेथे दुबळ्या सोबत्यामुळे दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. हे खरे आहे. म्हणूनच कसोटी कामाची असावी. ज्या कामाला जेवढे वजन उचलावे लागते तेवढे उचलून दाखवा, म्हणावे. जो उचलील तो घ्या, जी उचलील ती घ्या. पायदळ आणि रणगाडा दल २०२५ पर्यंत स्त्री अधिकाऱ्यांना खुले झालेले नव्हते. तोफखाना २०२३ साली खुला झाला, हवाई दलात तीन स्त्रिया २०१६ सालीच लढाऊ वैमानिक झाल्या, आणि नौदलाच्या सहा स्त्री अधिकारी सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून निघून पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१८ मध्ये गोव्यालाच परतल्या. समुद्राने त्यांच्यासाठी लाटा लहान केल्या नव्हत्या.

आता अगदी जवळची गोष्ट. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी येथून फार दूर नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिची प्रवेश परीक्षा मुलींना खुली झाली. २०२२ साली पहिल्या मुली दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या सतराजणी तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. चेन्नईच्या प्रशिक्षण केंद्रात पूर्वीपासून मुलांना 'जंटलमन कॅडेट' आणि मुलींना 'लेडी कॅडेट' म्हणण्याची रीत होती. खडकवासल्याच्या मैदानावर संचलन करणारी मुलगी कॅडेटच असते. ही परीक्षा बारावीच्या वर्षी देता येते. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते. नौदल व हवाई दलासाठी गणित, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र लागते. पालकहो, एवढी माहिती जरी घरी नेलीत तरी माझे भाषण कारणी लागले असे मी समजेन.

प्रत्येक मुलीने सैन्यातच जावे, असे माझे म्हणणे नाही. कोणी डॉक्टर होईल, कोणी शिक्षिका, कोणी घर सांभाळील. माझे मागणे एवढेच की, तिने तोंड उघडण्यापूर्वी आपण उत्तर देऊ नये. 'लोक काय म्हणतील', 'लग्न कसे जमेल', 'अपनी लड़कियाँ ये नहीं करतीं' ही वाक्ये न्यायालयात मांडलेल्या त्या कारणांची सख्खी भावंडे आहेत. त्या कारणांशी स्त्रियांना सतरा वर्षे झगडावे लागले. आपल्या वाक्यांशी झगडावयास आठवीतल्या मुलीजवळ ना वकील असतो, ना न्यायालय.

माझी ती विद्यार्थिनी आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. चांगली असेल, सुखात असेल. तिला अधिकारी होता आले असते की नाही, हेही मी सांगू शकत नाही. ते ठरविण्याचा हक्क परीक्षेला होता, मैदानाला होता, तिच्या मेहनतीला होता. तो मी वर्गात उभ्या उभ्या, हसत हसत काढून घेतला. हे पान तिच्या हाती पडलेच, तर तिने या वृद्ध शिक्षकाला क्षमा करावी.

आणि येथील शिक्षकांना माझी विनंती आहे की, पुढच्या निबंधाच्या वह्या तपासताना 'मी सैन्यात अधिकारी होणार' हे वाक्य कोणा मुलीच्या वहीत आढळले, तर शुद्धलेखनाच्या चुका जरूर दुरुस्त करा. त्या वाक्याला हात लावू नका.