चुनखडीच्या डोंगरातला कार्बन कसा मोजायचा?

नैऋत्य चीनमधल्या ग्वेझो प्रांतात कित्येक उतारांवर नांगर धरायला जागाच नाही. करड्या चुनखडीच्या दातेरी खडकांमध्ये जिथे ओंजळभर माती साठली असेल, तिथे शेतकरी कुदळीने ती उकरतो, मक्याचे चार दाणे टाकतो आणि पुढच्या खळग्याकडे वळतो. ग्वेझो, युन्नान, ग्वांगशी या पट्ट्यातल्या अशा भूमीला कार्स्ट म्हणतात. २००७ साली तिचे काही भाग जागतिक वारसा ठरले.

दख्खनच्या माणसाला हे नवल वाटेल. आपला काळा पाषाण झिजला की त्याची काळी कसदार माती होते. चुनखडी मात्र पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात जवळजवळ पूर्ण विरघळून वाहून जाते. मागे उरतो तो थोडासा गाळ. बोटभर माती तयार व्हायला हजारो वर्षे लागतात. उतारावरचे जंगल तुटले, की तीच माती भेगांमधून खाली गुहांमध्ये उतरते आणि वर उघडा दगड राहतो. १९५८ नंतर पोलाद गाळण्याच्या भट्ट्यांसाठी इथली झाडे मोठ्या प्रमाणावर तुटली, पुढे वाढत्या लोकसंख्येसाठी उतारांवर शेती चढली. १९९९ पासून सरकारने दिशा बदलली: उतारावरची शेती सोडून झाडे लावणाऱ्याला धान्य आणि पैसे. सरकारी पाहणीनुसार दगडी ओसाड झालेली जमीन २०११ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख हेक्टर होती, ती २०१६ मध्ये सुमारे १ कोटी हेक्टरवर आली.

मग प्रश्न आला हिशेबाचा. या हिरवाईने हवेतला कार्बन किती धरला?

हिशेब आकाशातून सुरू होतो. पान लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंच्या फरकावरून उपग्रह हिरवेपणाचा निर्देशांक काढतो. त्यावरून पानांनी किती प्रकाश घेतला हे ठरते, आणि त्याला एका गुणांकाने गुणले की वनस्पतींचे निव्वळ उत्पादन मिळते. १९९३ साली मांडलेल्या ‘कासा’ या प्रारूपात हा गुणांक जास्तीत जास्त ०.३८९ ग्रॅम कार्बन प्रति मेगाज्यूल धरला होता; तापमान आणि पाणी प्रतिकूल असेल तसा तो कमी करायचा.

कार्स्टमध्ये गाडी अडते ती पाण्यापाशी. पाऊस भरपूर पडतो, पण काही तासांत भेगांमध्ये नाहीसा होतो, त्यामुळे पावसाच्या आकड्यावरून ओल मोजली तर ती जास्त भरते. उलट, खडकात खोल मुळे घातलेले झाड दुष्काळातही तग धरते. तिथे तेच प्रारूप कमी उत्पादन दाखवते. शिवाय ‘टेरा’ उपग्रहाच्या चित्रातला २५० मीटरचा एक चौकोन म्हणजे सव्वासहा हेक्टर. एवढ्यात सुळका, त्याची सावली, झुडपे, उघडा दगड आणि तळातले मक्याचे शेत, सगळेच येते.

उत्पादन म्हणजे साठा नव्हे, हे तर आणखी महत्त्वाचे. ग्वांगशीतली नीलगिरीची लागवड झपाट्याने वाढते आणि काही वर्षांत कापली जाते. ग्वेझोतल्या लिबोजवळच्या माओलानच्या जुन्या कार्स्ट जंगलात झाडे संथ वाढतात, पण कार्बन दीर्घकाळ धरून ठेवतात. वरून दोन्ही हिरवीच दिसतात.

म्हणून शेवटी डोंगरात शिरावे लागते. जमिनीपासून १.३ मीटरवर खोडाला टेप लावायची, घेरावरून व्यास आणि त्यावरून समीकरणाने झाडाचे कोरडे वजन काढायचे, त्यातला साधारण निम्मा कार्बन. पण ही समीकरणे बहुतेक खोल मातीत सरळ वाढलेल्या झाडांची. भेगेतून वाकडे निघालेले खुरटे झाड त्यांत बसत नाही, आणि त्याची मुळे तर खणून काढताच येत नाहीत.

मातीत चूक सर्वांत मोठी होते. कॅल्शियममुळे ह्यूमस घट्ट धरला जातो, म्हणून इथल्या मूठभर मातीत कार्बन भरपूर सापडतो. समजा, निम्म्या जागेवर उघडा दगड आहे आणि उरलेल्या जागी माती सरासरी २० सेंटिमीटर आहे. ते न पाहता सगळीकडे मीटरभर माती धरली, तर साठा दहापट फुगतो! कागदावर असे जंगल श्रीमंत दिसते आणि त्याच्या जिवावर कुणीतरी कार्बन क्रेडिट विकून मोकळा होतो.

हिशेब इथेही संपत नाही. चुनखडी विरघळताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड खर्ची पडून पाण्यात बायकार्बोनेट होते. ग्वेलीनच्या कार्स्ट संस्थेतले युआन दाओशियान यांनी १९९० च्या दशकात या चक्रावर आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालवला. मात्र पाण्यातून चुना पुन्हा साका म्हणून बसला, की घेतलेला वायू परत सुटतो. त्यामुळे हा वाटा झाडांच्या खात्यात धरू नये.

उपग्रहाचे काम त्यामुळे कमी ठरत नाही. पाऊस अनुकूल नसतानाही या पट्ट्यातली हिरवाई आणि जमिनीवरचा कार्बन वाढला आणि त्यात लागवडीचा वाटा होता, हे २०१८ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरूनच पुढे आले. जमिनीखालचा हिशेब मात्र त्या नोंदी देत नाहीत. कार्स्टच्या कार्बनचा कोणताही आकडा हाती आला, की वाचकांनी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: उघड्या दगडाचा वाटा किती वजा केला, आणि मातीची खोली किती ठिकाणी प्रत्यक्ष मोजली?