प्रा. जॉन जॅक्सन : स्मरण एका व्यापार-कायदेपंडिताचे
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांचे भाषण)



डोळखांबच्या रुग्णालयाच्या सभेत एका अमेरिकन कायदेपंडिताचे स्मरण कशासाठी, असे आपणांस वाटेल. औषधखरेदीची बिले दरमहा माझ्या सहीने मंजूर होतात; त्या बिलांवरील आकड्यांशी या गृहस्थांचा संबंध आहे.

प्रा. जॅक्सन यांचा जन्म १९३२ चा. मिशिगन व जॉर्जटाऊन विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले. १९७३-७४ मध्ये ते अमेरिकी सरकारच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाचे प्रमुख कायदा सल्लागार होते. 'गॅट' करार १९४८ पासून अमलात आला आणि भारत त्याच्या २३ मूळ सभासदांपैकी एक, एवढे आम्ही बी.कॉम.ला पाठ केले होते. मात्र तो तात्पुरता म्हणून लागू झाला आणि तात्पुरताच ४७ वर्षे चालला, हे आम्हांस कोणी सांगितले नाही. या कराराच्या कायद्यावर जॅक्सन यांनी १९६९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्याजागी नियमबद्ध संघटना असावी, अशी सूचना त्यांनी १९९० मध्ये केली. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. तिचा निवाडा बलाढ्य राष्ट्रावरही बंधनकारक आहे, भरपाई देऊन तो टाळता येत नाही, असा त्यांचा आग्रह असे.

हा नियम आपल्याला प्रथम महागात पडला. १९९७ मध्ये औषधांच्या पेटंटविषयक तक्रारीत भारत अमेरिकेपुढे हरला आणि २००५ पासून औषधांना उत्पादन-पेटंट देणे भाग पडले. परंतु त्याच करारात सक्तीच्या परवान्याचीही वाट होती. कर्करोगाच्या रुग्णास आपण परळच्या टाटा रुग्णालयात पाठवितो. पुढे महिन्यामहिन्याचे औषध घेताना घरच्यांची काय अवस्था होते, हे येथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधासाठी मार्च २०१२ मध्ये मुंबईतील पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीस असा परवाना दिला. महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आला. परदेशांत नाराजी उमटली. जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मात्र कोणी नेली नाही. माझ्या मते, लेखी कलम आपल्या बाजूचे होते म्हणूनच.

जॅक्सन स्वस्त औषधांचे कैवारी होते, असे मी म्हणणार नाही. त्यांचा कैवार नियमाचा होता.

७ नोव्हेंबर २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडविल्यामुळे संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. हरलेला पक्ष तेथे अपील करून निवाडा लटकत ठेवू शकतो. उसावरील साहाय्याच्या प्रकरणात भारतानेही तेच केले. प्राध्यापकांना ते रुचले नसते.