प्रशिक्षकाचे गाव आणि खापरावरची पुरणपोळी



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, शेती, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर बोलावे असा प्रघात आहे. माझा आजचा विषय त्या मानाने हलका वाटेल. तो चहाच्या टपरीवरचा विषय आहे. परंतु ज्या विषयावर माणसे रोज तास तास भांडतात, त्यात काही तरी सत्त्व असलेच पाहिजे.

खेळाचे चार शौकीन एकत्र आले की दोन वाद हमखास निघतात. पहिला वाद असा, की अमुक प्रशिक्षक आता कोणत्या संघाकडे जाणार, आणि जावे की न जावे? दुसरा वाद पोटाचा. सामना ज्या गावी असेल त्या गावच्या खाण्यावर गाडी येते आणि मग मिसळ कोल्हापूरची की नाशिकची, पोहे इंदूरचे की नागपूरचे, यावरून आवाज चढतात. हे केवळ आपल्याकडेच चालते असे नाही. अमेरिकेतही खेळाचे शौकीन एका श्वासात प्रशिक्षकाच्या नोकरीची चर्चा करतात आणि दुसऱ्या श्वासात पिझ्झाची. न्यूयॉर्कचा पिझ्झा पातळ, घडी घालून हातात धरून खायचा. शिकागोचा खोल भांड्यात भाजलेला, जाडजूड, काट्याचमच्याने खायचा. एकाचा अभिमानी दुसऱ्याला पिझ्झा म्हणायलाच तयार नसतो!

वरवर पाहता या दोन वादांचा एकमेकांशी संबंध नाही. माझे म्हणणे असे, की दोहोंचे मूळ एकच आहे. आपल्या गावची गोष्ट दुसऱ्या गावी गेली म्हणजे ती आपली राहते का, हा तो मूळ प्रश्न आहे.

प्रशिक्षकाच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या मराठी मुलखात एका गृहस्थामुळे फार ठळकपणे उभा राहिला. त्यांचे नाव चंद्रकांत पंडित. मुंबईचे यष्टिरक्षक, शिवाजी पार्कवरच्या रमाकांत आचरेकरांचे शिष्य, भारताकडून कसोटी सामने खेळलेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २०१५-१६ची रणजी करंडक स्पर्धा जिंकली. पुढच्याच वर्षी, २०१७च्या जानेवारीत, इंदूरला अंतिम सामन्यात गुजरातने मुंबईला हरवले. त्यानंतर मुंबईशी पंडितांचा संबंध सुटला आणि ते नागपूरला, विदर्भ संघाकडे गेले.

विदर्भाने तोवर रणजी करंडक कधीही जिंकला नव्हता. पंडित गेले त्याच मोसमात, १ जानेवारी २०१८ रोजी, विदर्भाने दिल्लीला हरवून तो जिंकला. त्या सामन्यात रजनीश गुरबाणीने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून विदर्भाने करंडक पुन्हा आपल्याकडेच ठेवला. मग २०२० साली पंडितांनी नागपूर सोडले आणि ते मध्य प्रदेशाकडे गेले. २०२२च्या जूनमध्ये बंगळूरला अंतिम सामना झाला तो मध्य प्रदेश आणि मुंबई यांच्यात! मुंबईने ३७४ धावा केल्या, मध्य प्रदेशाने ५३६ केल्या, आणि शेवटी मध्य प्रदेश सहा गडी राखून विजयी झाला. त्याच मैदानावर १९९९ साली याच पंडितांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेश अंतिम सामन्यात कर्नाटकाकडून हरला होता. तेव्हा मनात राहिलेली सल तेवीस वर्षांनी निघाली. पुढे ते कलकत्त्याच्या संघाकडे गेले, २०२४ साली त्या संघाने आयपीएल जिंकले, आणि २०२५च्या जुलैत ते तेथूनही मोकळे झाले. झाले! पुन्हा टपऱ्यांवर तोच प्रश्न : आता पंडित कोणाकडे?

आपण नंदुरबारकरांनी २०२२च्या त्या सामन्यात कोणाची बाजू घ्यायची, हा मोठा मौजेचा पेच होता. मुंबई ही आपल्या राज्याची राजधानी खरी. पण क्रिकेटच्या नकाशात आपण मुंबईचे नव्हेच. तेथे महाराष्ट्राचे तीन तुकडे आहेत. मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा, आणि उरलेला महाराष्ट्र पुण्याच्या संघटनेखाली. आपण त्या उरलेल्यात. आणि या उरलेल्या महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो प्रा. दि. ब. देवधरांच्या काळात, १९३९-४० आणि १९४०-४१ साली. त्यानंतर अद्याप नाही. उलट सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश, आणि पलीकडे माळव्यात इंदूर. त्या इंदूरच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा हा करंडक जिंकला होता. त्या संघाचे नायक सी. के. नायडू, जन्म नागपूरचा, कीर्ती इंदूरची. म्हणजे नागपूरहून इंदूरला जाण्याची वाट पंडितांनी काही नव्याने पाडली नाही. ती फार पूर्वीच मळलेली होती.

आता पूर्वपक्ष मांडतो. मुंबईचा अभिमानी म्हणेल, ज्या मैदानाने माणसाला घडवले त्याच मैदानाविरुद्ध त्याने विद्या वापरावी काय? नागपूरचा म्हणेल, दोन करंडक दिले खरे, पण तिसऱ्या वर्षानंतर आम्हांला टाकून गेले. आणि दोघेही म्हणतील, की हा सारा पैशाचा खेळ आहे.

पैशाचे म्हणाल तर त्याची मला फारशी खंत वाटत नाही. जुन्या काळी तालमीतला वस्तादसुद्धा वाऱ्यावर जगत नव्हता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना आणि वस्तादांना आश्रय दिला म्हणून तेथे तालमी नांदल्या. ज्याने विद्या द्यायची त्याच्या घरची चूल पेटली पाहिजे, एवढे व्यवहारज्ञान आपल्या पूर्वजांना होते.

मग राहिला निष्ठेचा मुद्दा. तेथे मी आपल्याच खानदेशातला एक दाखला देतो. आखाजीचे दिवस आहेत. घरोघरी लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात. लेक सासरी गेली, तिने तिकडचे घर नावारूपाला आणले, म्हणून माहेरची माणसे तिच्यावर रुसत नाहीत. उलट चारचौघांत अभिमानाने सांगतात. रुसवा केव्हा येतो? माहेरचे घरच रिकामे पडले, धाकट्या कोणाला काही शिकवलेले नाही, चूल कोणी पेटवायची हा प्रश्न आला, म्हणजे मग जाणाऱ्या लेकीची वाट अडवावीशी वाटते. तेव्हा दोष जाणारीचा नसतो. मागे राहिलेल्यांनी तजवीज केली नाही, याचा तो दोष असतो.

या कसोटीवर नागपूरची गोष्ट पाहा. पंडित गेल्यावर विदर्भ पुन्हा जुन्या पायरीला येईल असे पुष्कळांना वाटले होते. प्रत्यक्षात काय झाले? २०२४ साली विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला आणि मुंबईकडून हरला. २०२५ साली नागपुरात केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. त्या मोसमात हर्ष दुबे या तरुण फिरकी गोलंदाजाने ६९ बळी घेतले. एका रणजी मोसमात तितके बळी तोवर कोणीच घेतले नव्हते. आणि या वेळचे प्रशिक्षक कोण? उस्मान घनी, पूर्वी विदर्भाकडूनच खेळलेले, घरचेच गृहस्थ. नागपूरकरांनी जामठ्याचे मैदान २००८ सालीच उभे केले होते, मुलांना शिकवण्याची व्यवस्था पंडित येण्यापूर्वीपासून चालवली होती. बाहेरचा माणूस आला, त्याने शिस्त लावली, जिंकण्याचा विश्वास दिला, आणि गेला. घर मात्र रिकामे झाले नाही, कारण ते आधीपासून भरत आले होते.

आता दुसऱ्या वादाकडे, म्हणजे ताटाकडे, वळू.

पिझ्झा मूळचा इटलीतील नेपल्स शहराचा. गोरगरिबांचे खाणे. इटलीची माणसे पोटासाठी समुद्रापार गेली आणि त्यांच्याबरोबर तोही गेला. न्यूयॉर्कला तेथल्या भट्ट्यांत एक रूप झाले, शिकागोला दुसरे. मग अस्सल कोणता? नेपल्सचे लोक या भांडणात फार शिरले नाहीत. त्यांनी हाताने पीठ ताणून, गरगर फिरवून, लाकडाच्या भट्टीत भाजण्याची ती कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवली. २०१७ साली युनेस्कोने मानवतेच्या वारशात नाव घातले ते नुसत्या पदार्थाचे नव्हे, तर तो करणाऱ्यांच्या कलेचे. यातले मर्म लक्षात घ्या. मान मिळाला तो हाताला.

आणि हात म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे आपली खापरावरची पुरणपोळी येते. घाटावरची पुरणपोळी पोळपाटावर लाटतात. आपल्याकडची बाई लाटणे हाती घेत नाही. पुरण भरलेला सैल गोळा ती या हातावरून त्या हातावर टाकते, कोपरापर्यंत खेळवते, आणि पाहता पाहता तो परातीएवढा पातळ होतो. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर तो अलगद पडतो. आखाजीला आमरसाबरोबर ही पोळी ज्याने खाल्ली त्याला दुसऱ्या गावचे गोडाधोडाचे कौतुक सांगू नये! नेपल्सचा कारागीर आणि खानदेशची गृहिणी यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. परंतु लाटण्यावाचून पीठ ताणण्याची विद्या दोघांच्या हातांत आहे.

पदार्थ गाव बदलतात आणि रूपही बदलतात. आपली वरण-बट्टी सातपुड्यापलीकडे दाल-बाफले होऊन बसते. तेथे कणकेचा गोळा आधी पाण्यात उकळतात आणि मग भाजतात. खरी बट्टी कोणती, यावर वाद घालणाऱ्याने एकदा नवापूरच्या रेल्वे स्थानकावर उभे राहावे. त्या स्थानकातून महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा जाते. एकाच फलाटाचा काही भाग या राज्यात, काही त्या राज्यात. फलाटावर बसून शिदोरी सोडणाऱ्याचा घास कोणत्या राज्याचा? पदार्थाला सीमा नसते. त्याला हात असावा लागतो, आणि तो हात शिकवणारा दुसरा हात. आपल्या घरांतून खापर उतरले आणि लेकींना ती विद्या शिकवणे थांबले, तर खापरावरची पोळी अस्सल कोणाची हा वाद जिंकूनही ताट रिकामेच राहील.

हे दोन्ही वाद आता आपल्या अंगणात आणून ठेवतो; कारण खरा प्रश्न तेथे आहे.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. सहा तालुके. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा या भागांतली आदिवासी मुले लहानपणापासून डोंगर चढतात, उतरतात, मैलोगणती चालतात. दम, चिकाटी, काटकपणा यांचे शिक्षण त्यांना सातपुडाच देतो. त्यापुढचे शिक्षण द्यायला माणूस लागतो. तो माणूस भेटला म्हणजे काय होते याचे उदाहरण फार लांब नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवती झाली, आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. तिच्यामागे प्रशिक्षक विजेंदर सिंग होते. ते काही नाशिकचे नव्हेत. पण नाशिकला राहिले, वर्षानुवर्षे भल्या पहाटे मैदानावर उभे राहिले, आणि एकीमागून एक धावपटू तयार करीत गेले.

म्हणजे बाहेरून येऊन राहणारा प्रशिक्षकही असतो आणि येऊन जाणाराही असतो. दोघेही उपकारकर्तेच. ज्या गावात प्रशिक्षक कधी येतच नाही, त्या गावाने मात्र विचार केला पाहिजे. तेथली मुले गाव सोडून जातात, आणि ज्यांना जाता येत नाही त्यांचा दम उसाच्या फडात आणि विटांच्या भट्टीवर संपतो. आपण पंडित कोठे जाणार यावर तासभर बोलतो. धडगावच्या मुलाला पळायला शिकवणारा कोण, यावर पाच मिनिटे बोलत नाही!

मला मोठे क्रीडागार नको आहे. प्रत्येक तालुक्याला एक सपाट मैदान असावे, आणि त्यावर एक शिकवणारा असावा, जो किमान दहा वर्षे हलणार नाही. दहाच का? कारण दहा वर्षांचे मूल वीस वर्षांचे व्हायला तितकी वर्षे लागतात. दर दोन-तीन वर्षांनी शिकवणारा बदलला तर मुलाला दरवेळी पहिल्यापासून ओळख द्यावी लागते, आणि त्यातच त्याचे वय निघून जाते. त्या शिकवणाऱ्याच्या राहण्याची, पोटापाण्याची, त्याच्या मुलांच्या शाळेची सोय गावाने पाहावी. मिरचीच्या व्यापाराने नाव मिळवलेल्या शहराला हे अशक्य नाही. आणि एक अट त्यालाही घालावी : जाण्यापूर्वी आपल्या हाताखाली इथलीच दोन मुले शिकवणारी म्हणून तयार कर. मग तो खुशाल मुंबईला जावो, नागपूरला जावो, इंदूरला जावो. आपण त्याला आखाजीला पुरणपोळी जेवायला बोलावू.

तात्पर्य, कोण कुठे गेला याचा हिशेब सोडून तो मागे किती हात शिकवून गेला याचा हिशेब आपण ठेवावा. खेळाला तोच न्याय आणि स्वयंपाकघरालाही तोच. उद्या सकाळी टपरीवर हे दोन वाद पुन्हा निघतील. निघू द्या, त्यात गोडी आहे. फक्त त्या वादात आपल्या तालुक्याच्या मैदानाचे नावही एकदा निघू द्या, एवढीच विनंती.