आधी कोणाचे पाश तोडायचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला ‘नेतृत्व आणि सांघिक कार्य’ हा विषय दिला, तेव्हा आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाकडे तो यावा याचे मला प्रथम नवल वाटले. परंतु माझे माजी विद्यार्थी भेटायला येतात आणि आपल्या कंपन्यांतल्या प्रशिक्षणवर्गांची हकिकत सांगतात, तेव्हा ध्यानात येते की तिथे पंचतंत्र आणि हितोपदेश यांना आमच्या विद्यापीठांहून अधिक मान आहे. राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी रचलेल्या कथा आता विक्री वाढविण्यासाठी सांगितल्या जातात. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती कथा अर्ध्यावर सोडण्याला.

जाळे घेऊन उडालेल्या कबुतरांची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. वर्गात ती दाखवितात तेव्हा पाखरे एकजुटीने आकाशात झेपावतात, पडद्यावरचे संगीत चढत जाते आणि चहाची सुट्टी होते. संघभावनेचा पाठ संपला! वस्तुतः हितोपदेशातली मूळ कथा तिथे संपत नाही. आणि सुरूही तिथे होत नाही. निर्मनुष्य अरण्यात तांदळाचे दाणे आले कुठून, अशी शंका कपोतराज चित्रग्रीवाने आधीच काढली होती. एका गर्विष्ठ कबुतराने ती उडवून लावली आणि सारा थवा खाली उतरला. जाळ्यात सापडल्यावर सर्वांनी त्या एकाला दोष द्यायला सुरुवात केली, तेव्हा चित्रग्रीवानेच त्यांना आवरले. ‘मी सांगत नव्हतो का?’ हे वाक्य त्याच्या तोंडी नाही. आपल्यापैकी किती पुढाऱ्यांना हे जमले असते, याचा विचार ज्याने त्याने मनाशी करावा.

मग जाळ्यासकट उड्डाण होते. परंतु जाळे घेऊन उडणे म्हणजे मुक्त होणे नव्हे. पाश पायांतच असतात. ते तोडायला हिरण्यक नावाचा उंदीर लागतो. तो मित्राच्या, म्हणजे राजाच्या, पाशांना प्रथम दात लावू पाहतो. चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या आश्रितांचे. हिरण्यकाचा युक्तिवाद मोठा व्यवहारी आहे. माझी शक्ती थोडी, दात नाजूक. तेव्हा आधी तुझे पाश तोडतो, दात टिकले तर मग इतरांचे. अर्थशास्त्राच्या भाषेत याला साधनांची टंचाई म्हणतात, आणि टंचाईच्या काळात अग्रक्रम वरून खाली लावण्याची रीत किती जुनी आहे हे येथे दिसते. त्यावर चित्रग्रीव जे उत्तर देतो ते मला फार महत्त्वाचे वाटते. जातीने, द्रव्याने, बळाने हे माझ्या बरोबरीचेच आहेत. मग माझ्या स्वामित्वाचा उपयोग आज नाही तर कधी होणार? आणि पुढे तो असेही सांगतो की वेतन न घेता हे माझ्यापाशी राहिले आहेत. वेतनाचा हा उल्लेख प्रशिक्षणवर्गात गळून पडतो, हा मला योगायोग वाटत नाही.

हे मला पूर्वीपासून कळत होते असे मात्र नाही. वीसएक वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात होतो, तेथे उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्राचा प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली होती. काम मुदतीच्या आधी संपले. शिपाई मंडळींनी रात्री दहा-दहापर्यंत थांबून गठ्ठे बांधले होते. समारोपाच्या चहाला मी हीच कबुतरांची गोष्ट सांगितली आणि टाळ्या घेतल्या. कपबश्या गोळा करताना आमचे एक शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “सर, गोष्ट अर्धीच सांगितलीत. पुढं उंदीर येतो की. आमच्या पोराच्या पुस्तकात आहे.” शिक्षकांच्या मानधनाचे धनादेश तेव्हा वाटून झाले होते, माझा माझ्या खिशात होता. शिपायांच्या जादा कामाच्या पैशांपुढे ‘तरतूद संपली’ असा शेरा पडला होता, आणि त्या कागदावर माझी सही होती. ते पैसे पाच महिन्यांनी मिळाले. तोवर मामांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

दुसरी कथा रोमची. ख्रिस्तपूर्व 494 मध्ये तेथील सामान्य नागरिक कर्जाच्या जाचाला विटून शहर सोडून एका टेकडीवर जाऊन बसले. युद्धात लढायचे यांनी, आणि परतल्यावर कर्जापायी सावकाराच्या बेडीत पडायचेही यांनीच. इतिहासकार लिव्ही सांगतो की मेनेनियस अग्रिप्पा याने त्यांना पोट आणि अवयव यांची गोष्ट सांगितली. हात, तोंड, दात यांनी आळशी पोटाविरुद्ध संप केला आणि सारे शरीरच खंगले, अशी ती गोष्ट. (पोटाची गोष्ट कोणी सांगू लागला, तर पोटाचा जमाखर्च कोण तपासतो हे आपण विचारावे.) गोष्टीने मने निवळली, असे लिव्ही म्हणतो. परंतु लोक केवळ गोष्ट ऐकून परतले नाहीत. सामान्यांनी आपल्यातून निवडलेले, ज्यांच्या अंगाला कोणी हात लावू शकणार नाही असे ट्रिब्यून नेमण्याचे ठरले, तेव्हा तडजोड झाली. त्या ट्रिब्यूनांना पुढे अधिकाऱ्यांचा निर्णय थांबविण्याचाही अधिकार मिळाला. व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत पोट येते, ट्रिब्यून येत नाहीत.

हा ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार श्रमिकांच्या रोजच्या व्यवहारात कसा असतो, ते पाहायचे तर लोखंडी कपाट जिन्यावरून चढविणारे हमाल पाहावेत. खालच्या माणसावर भार अधिक असतो. त्याने ‘थांब’ म्हटले की वरचा थांबतो. का, म्हणून विचारत नाही. कपाटाच्या मालकाने खालून कितीही घाई केली तरी त्याचे कोणी ऐकत नाही.

ढाक्याजवळच्या सावार येथे 23 एप्रिल 2013 रोजी राणा प्लाझा या इमारतीला तडे गेलेले दिसले. त्याच इमारतीतल्या बँकेने आपली माणसे घरी पाठविली. वरच्या मजल्यांवरच्या कपडे शिवणाऱ्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. आत जायला ते कचरत होते, पण त्या कारखान्यांत त्यांची संघटना नव्हती. सकाळी इमारत कोसळली. 1,134 माणसे मेली. सांघिक कार्याची उणीव तेथे मुळीच नव्हती. एकेक सदरा कितीतरी हातांतून जात असे. त्या हातांच्या ‘थांबा’ला किंमत नव्हती. असुरक्षित काम नाकारण्याचा हक्क सुरक्षिततेच्या करारात लिहिला गेला तो त्यानंतर.

असा अधिकार दिला तर उत्पादन बुडेल, असा आक्षेप हमखास येतो. जपानच्या टोयोटा कारखान्यांत दोष दिसताच साध्या कामगाराने दोरी ओढून जुळणीची साखळी थांबविण्याची पद्धत कित्येक दशके चालत आली. ती कंपनी बुडाली नाही, जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांत गणली गेली. अर्थात तेथे सारे आलबेल आहे असे मी म्हणत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. दुसऱ्यांच्या पोटाचा हिशेब मागताना आपल्या बैठकांत काय चालते? अध्यक्ष प्रथम बोलतात, तासभर बोलतात, आणि मग ‘कोणाला काही शंका?’ असे विचारतात. काल रात्री या सभागृहात सतरंज्या अंथरणारी आणि आज पहाटेपासून स्वयंपाकघरात असणारी मंडळी चर्चेच्या वेळी नेमकी भांडी घासत असतात. दुपारी गटचर्चा आहे. माझी सूचना एवढीच की आजची भांडी गटप्रमुखांनी घासावीत, स्वयंपाकघरातल्या मंडळींनी आधी बोलावे आणि गटप्रमुखांची पाळी शेवटी यावी. माझ्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. ताटे कुठे ठेवली आहेत तेवढे कोणी दाखवावे.