एका थराची करामत



आज मी तुम्हांला चुंबकाची एक नवलाची गोष्ट सांगणार आहे. चुंबक आणि टाचणी यांच्यामध्ये कागद धरून पाहा. टाचणी तरीही ओढली जाते. कागद वाढवत गेलात, तर ओढ कमी कमी होत जाते. पण एकच कागद वाढवल्याने चुंबकाची दिशा कधी उलटली आहे का? नाही ना? अगदी पातळ धातूंच्या थरांत मात्र तसे घडते!

सर्व धातू अणूंचे बनलेले असतात. नळाच्या चकचकीत तोटीवर क्रोमियम धातूचा मुलामा असतो. या क्रोमियमच्या अणूंचे थर एकावर एक रचले, तर वहीच्या एका पानाच्या जाडीत सुमारे ७ लाख थर मावतील. इतके ते पातळ!

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात जॉन उंगुरिस, रॉबर्ट सेलोटा आणि डॅनियल पिअर्स हे शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी लोखंडाचा सुईसारखा बारीक, गुळगुळीत स्फटिक घेतला. त्यावर क्रोमियमचा लेप चढवला. तो एका टोकाला पातळ होता आणि पुढे हळूहळू जाड होत गेला, जिन्याच्या पायऱ्यांसारखा. त्यावर पुन्हा लोखंडाचा पातळ थर दिला. १९९१ साली त्यांनी आपला शोध जाहीर केला.

त्यांना काय दिसले? क्रोमियमचा एक थर वाढला, की वरच्या लोखंडाच्या चुंबकत्वाची दिशा उलटत होती! कारण क्रोमियमच्या एका थरातील अणूंचे चुंबकत्व डावीकडे असेल, तर पुढच्या थरातील अणूंचे उजवीकडे असते.

पण हे केव्हा दिसले? लोखंड तापवून लेप दिला तेव्हा. उष्णतेमुळे अणू सरकले आणि नीट ओळीत बसले. लोखंड न तापवता लेप दिला, तेव्हा अणू पडले तेथेच बसले. पृष्ठभाग खडबडीत झाला. मग दर थराला होणारा बदल दिसेनासा झाला. कित्येक थर ओलांडल्यावरच दिशा बदलली. धातू तेच, फक्त अणूंची मांडणी बिघडली होती.

अशा थरांचा उपयोग काय? १९८८ साली फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पीटर ग्रुनबर्ग यांनी वेगवेगळे संशोधन करून एक शोध लावला. लोखंडाच्या थरांच्या दिशा सारख्या असल्या, की वीज सहज वाहते. उलट असल्या, की तिला जास्त अडथळा होतो. या शोधामुळे संगणकाच्या चकतीवर पुष्कळ अधिक माहिती साठवता आली. २००७ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता घरी एक खेळ करा. कागदाच्या पट्ट्यांवर आळीपाळीने डावा आणि उजवा बाण काढा. पहिला बाण डावा ठेवून पाच पट्ट्यांची एक चळत रचा. शेजारी तशीच सहा पट्ट्यांची चळत रचा. वरचे बाण पाहा. एक डावीकडे, एक उजवीकडे! या दोन्हींवर लोखंडाचा एकच थर ठेवला, तर त्याने कोणाचे ऐकावे? खडबडीत लेपात नेमका हाच गोंधळ होतो, मुलांनो!