दिवाळीनंतरचे तीन महिने

खासगी शाळांत शिकवणारी तरुण मंडळी मला विचारतात, "सर, आता दुसरीकडं बघावं म्हणतो. कधीपासून सुरुवात करू?" हा प्रश्न बहुधा मे महिन्यात येतो, निकाल लावून झाल्यावर. मला तेव्हा वाईट वाटतं, कारण त्या वर्षापुरती वेळ टळून गेलेली असते.

का, ते सांगतो. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा 1977 चा आणि त्याची नियमावली 1981 ची. कायम शिक्षकानं राजीनाम्याआधी तीन महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्यानं एका महिन्याची. इथवर बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण ही नोटीस दीर्घ सुट्टीत देता येत नाही, नोटिशीच्या मुदतीत अशा सुट्टीचा एकही दिवस येता कामा नये, आणि पहिलं सत्र सुरू झाल्यावर महिनाभर नोटीस देताच येत नाही, हे फार थोड्यांनी वाचलेलं असतं. आता कॅलेंडर समोर धरा. उन्हाळी सुट्टी मेच्या सुरुवातीला लागते. तिच्याआधी तीन महिने भरायचे, तर कायम शिक्षकाची नोटीस दिवाळीची सुट्टी संपल्यावर आणि जानेवारी सरायच्या आत गेली पाहिजे. म्हणजे जूनमध्ये नव्या शाळेत रुजू व्हायचं असेल, तर चौकशी गणपतीतच सुरू करायला हवी. नोटीस न देता गेलात, तर तेवढ्या मुदतीचा पगार भरून द्यावा लागतो.

नव्या शाळा मार्च-एप्रिलशिवाय शब्द देत नाहीत, ही अडचण खरी आहे. नियुक्तीपत्र हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका, असंच मी सांगेन. पण ज्यानं गणपतीपासून चार ठिकाणी बोलणं करून ठेवलं आहे, त्याला ते पत्र लवकर मिळण्याची शक्यता अधिक. मेमध्ये निघालेल्याला जी जागा उरली असेल ती घ्यावी लागते.

हे झालं पगार मिळणाऱ्यांचं. माझा जीव अडकतो तो विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांत. मार्च 2025 मध्ये आपल्याच बीड जिल्ह्यातल्या आश्रमशाळेतल्या एका शिक्षकानं आयुष्य संपवलं. अठरा वर्षं शिकवलं आणि पगार मिळाला नाही, ही त्यांची व्यथा त्यांनी लिहून ठेवली होती. एखाद्याच्या जाण्याची सगळी कारणं बाहेरून कुणी सांगू नयेत. पण अठरा वर्षं बिनपगारी, ही गोष्ट तुम्हाआम्हाला झोप न येऊ देणारी आहे. हे ऐकणाऱ्या कुणाच्या मनात तसे विचार येत असतील, तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा. मराठीत बोलता येतं.

या शाळांत माणूस थांबतो तो एका आशेवर. यंदा वीस टक्के अनुदान येईल, पुढं टप्पा वाढेल, मग नियुक्तीला अप्रूव्हल, मग पगारासाठीचा शालार्थ आयडी. काहींच्या बाबतीत ते घडलंही आहे, म्हणून ही आशा वेडी म्हणता येत नाही. पण तिला मुदत हवी. रुजू होतानाच घरच्यांना सांगून ठेवा की अमुक वर्षापर्यंत पाहीन, त्यानंतर दुसरीकडं. कारण इकडं वय थांबत नाही. सरकारी भरतीत खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 ही वयोमर्यादा आहे. अनुदानाची वाट पाहता पाहता ही रेषा ओलांडली, तर जिल्हा परिषदेचं दार कायमचं बंद होतं. त्या रेषेच्या निदान पाच वर्षं आधी धडपड सुरू करा.

पाच वर्षं का? पवित्र पोर्टलवरच्या शिक्षकभरतीसाठी जी अभियोग्यता चाचणी लागते, ती पहिल्यांदा झाली डिसेंबर 2017 मध्ये. दुसरी झाली थेट 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिसरी 2025 च्या मे-जूनमध्ये. मधली अंतरं पाहा. जाहिरात आली की अभ्यासाला बसू म्हणणाऱ्याची एक संधी हुकली, तर पुढची कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आधी हातात लागते, तिचा अभ्यास नोकरी करता करताच उरकावा. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तर निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं आहे. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून, प्राथमिकला महिना 16 हजार रुपयांवर काढायची असतात. घरखर्चाचा हिशेब त्याप्रमाणे मांडा.

अनुदानित शाळेत असाल, तर 30 सप्टेंबरच्या पटाकडं लक्ष ठेवा. संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर शिक्षकांची संख्या, त्यावर ठरते आणि मार्च 2024 पासून निकष आणखी कडक झाले आहेत. आपल्याकडं धारूर, वडवणी, शिरूर, पाटोद्याच्या वाड्या-तांड्यांवरचा पट ऊसतोडीशी बांधलेला. आईबाप कारखान्यावर गेले की पोरं मागं राहतात किंवा सोबत जातात, आणि हळूहळू शाळेतून त्यांचं नावच निघतं. दोन-तीन वर्षं वर्ग लहान होत चालला, तर अतिरिक्त ठरल्याचं पत्र यायची वाट कशाला पाहायची?

शाळा सोडली म्हणजे पोरांशी बेइमानी केली, असं मनाला लावून घेणारे शिक्षक मी पाहिलेत. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सोडून स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत आले, आणि 1938 मध्ये हैदराबाद संस्थानातल्या लढ्यासाठी तीही शाळा त्यांनी सोडली. त्यांना कुणी पळपुटं म्हटलं नाही. आपला हेतू तेवढा मोठा नसेल, पण लेकराबाळांचं पोट हाही हेतू लहान नाही.

आणखी एक. रुजू होताना तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही मागितली, तर देऊ नका. कायद्यानं राजीनाम्याच्या दोन प्रती स्वतः तारीख घालून, सही करून करायच्या असतात. एक संस्थेला रजिस्टर पोस्टानं, दुसरी आपल्यापाशी. अनुभवाचं प्रमाणपत्र, नियुक्तीचे आदेश, मान्यतेची पत्रं, मस्टरवरच्या सह्यांच्या नकला, हे सगळं संबंध गोड असताना मागून घ्या. त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापकांकडं अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.