वितळलं म्हणून टाकू नका



आज बोलायचं आहे ते मोटारसायकलच्या वितळलेल्या प्लास्टिकबद्दल. "हा काय बायकांचा विषय?" असं कुणाच्या मनात आलं असेल. पण गाडीचा हप्ता कुणाच्या दुधाच्या पैशातून जातो आणि गॅरेजचं बिल आलं की गटाकडे कर्ज मागायला कोण येतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. पैसा आपला जाणार असेल, तर विषयही आपलाच.

आमच्या जावळीच्या डोंगरात काही वाड्यांवर जायला अजून दगडमातीचीच वाट आहे. तिथे साध्या गाडीपेक्षा उंच, जाड नक्षीच्या टायरची गाडी बरी पडते. हिमालयन, एक्सपल्स या त्यातल्याच. अशा गाडीचा सायलेन्सर ओढ्याच्या पाण्यात बुडू नये, दगडाला लागू नये म्हणून वर उचलून नेलेला असतो. पाण्यापासून तो वाचतो, पण प्लास्टिकच्या पॅनलशेजारी येतो. इंजिनातून निघणारी नळी दोनशे अंशांच्या पुढे सहज तापते. एबीएस जातीचं प्लास्टिक मात्र शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं आणि पीपी जातीचं एकशेसाठच्या सुमारास वितळतं. चढावर पहिल्या गिअरमध्ये गाडी हळू चालते, वारा लागत नाही, आणि सगळी धग तिथेच साठते.

म्हणून मध्ये धग अडवणारा एक पत्रा दिलेला असतो. त्याला हीट शील्ड म्हणतात. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी त्याचे स्क्रू सैल होतात. कधी गाडी पडते आणि सायलेन्सर आत दबतो. मग पॅनलला फोड येतात, ते वाकतं, भोक पडतं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. त्यांचा मुलगा अशाच गाडीवरून वाड्यांवर किराणा पोहोचवतो. पॅनल वितळलं होतं आणि गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंचा नवा सेट सांगितला होता. गटातल्या बायका म्हणाल्या, आधी गाडी इथे आणा, बघू. वितळलेला भाग तळहाताएवढा होता. पण शील्डचे दोन स्क्रू कधीच गळून पडले होते, ते कुणी पाहिलंच नव्हतं. तसंच नवं पॅनल बसवलं असतं, तर तेही वितळलं असतं आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहिले असते. तालुक्याला मोटारींचे बंपर जोडणारे एक कारागीर आहेत. त्यांच्याकडून आमच्यातल्या तिघींनी हे काम शिकून घेतलं होतं. स्क्रू नवे बसवले, पॅनल जोडलं, आणि ताईंना कर्ज घ्यावं लागलं नाही.

म्हणून पहिला नियम असा: आधी धगीचं कारण शोधायचं, मग प्लास्टिकला हात लावायचा. शील्ड घट्ट आहे का, सायलेन्सरचा बोल्ट सैल नाही ना, त्याचे रबर झिजलेत का, आणि पॅनल व सायलेन्सरमध्ये बोटभर तरी जागा आहे का, हे गाडी थंड असताना बघायचं.

दुसरा नियम: प्लास्टिकची जात ओळखायची. भाग काढून उलटा केला की आतल्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. 'पी' हे अक्षर दोनदा असेल, तर ते पीपी. 'ए, बी, एस' अशी तीन अक्षरं असतील, तर एबीएस. अक्षरं सापडली नाहीत, तर कडेची एक छोटी कपची काढून पाण्याच्या वाटीत टाका. बहुधा पीपी तरंगतं आणि एबीएस बुडतं. हे ओळखणं महत्त्वाचं, कारण एका जातीचं प्लास्टिक दुसऱ्या जातीला धरत नाही. वरून जोडलेलं दिसेल, पण पहिल्याच खड्ड्यात निघून येईल.

आता काम. भाग गाडीवरून काढून साबणाच्या पाण्याने धुवायचा आणि पूर्ण वाळवायचा. तेल आणि पॉलिश राहिलं, तर जोड बसत नाही.

नुसता वाकला असेल, तर उकळतं पाणी जपून ओतून बघा. तेवढ्याने जमलं नाही, तर हीट गन वापरायची. ती वीतभर लांब धरायची आणि सारखी हलवत राहायची, भाकरी एकाच जागी करपू देत नाही तशी. मऊ पडलं की जाड हातमोजे घालून लाकडी ठोकळ्याने आतून दाबायचं, वरून ओलं कापड लावायचं आणि पूर्ण थंड होईपर्यंत धरून ठेवायचं. गरम असताना सोडलं, तर ते पुन्हा वाकतं.

भोक किंवा चीर असेल, तर करपलेला, ठिसूळ झालेला भाग आधी कापून टाकायचा. जळक्या प्लास्टिकवर जोड टिकत नाही. चिरेच्या टोकाला बारीक छिद्र पाडायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही. कडा कानशीने तिरक्या तासायच्या. आतल्या बाजूला स्टीलची बारीक जाळी ठेवायची, जुन्या चहाच्या गाळणीची चालते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे असते तशी सोल्डरिंगची तापणारी कांडी घेऊन जाळी प्लास्टिकमध्ये बुडवायची. मग त्याच जातीच्या तुटक्या भागाच्या पट्ट्या वितळवून वरून भरायच्या. शेवटी पॉलिश पेपरने घासायचं.

एबीएसला आणखी एक उपाय आहे. त्याचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये भिजत ठेवले की ते विरघळतात आणि भज्याच्या पिठासारखा लगदा होतो. तो बारीक चिरेत भरायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा. पीपी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही, तिथे हा उपाय उपयोगाचा नाही. पीपीला रंग द्यायचा, तर आधी प्लास्टिकसाठीचं वेगळं प्रायमर लागतं, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात.

आता मैत्रिणींनो, कान देऊन ऐका. तापलेल्या प्लास्टिकचा धूर छातीला वाईट. पदर तोंडाला बांधला म्हणून तो अडत नाही. काम उघड्या अंगणात, वारा पाठीकडून येईल असं बसून करायचं. लेकरं आणि गरोदर बाई जवळ नको. अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखंच पेट घेतं, म्हणून चूल, उदबत्ती, बिडी सगळं लांब. हीट गन गाडीजवळ न्यायचीच नाही, सुटा केलेला भागच लांब आणायचा.

आणि काही वस्तू कुणी कितीही आग्रह केला, तरी घ्यायच्या नाहीत. डोंगरातल्या काही गाड्यांना प्लास्टिकची पेट्रोल टाकी असते. ती रिकामी दिसली, तरी आत पेट्रोलची वाफ असते आणि तापवताना स्फोट होऊ शकतो. ब्रेकची नळी, वितळलेल्या वायरी, हे आपलं काम नाही. हेल्मेटही नाही. धगीने फुगलेलं किंवा अ‍ॅसिटोन लागलेलं हेल्मेट बाहेरून नीट दिसतं, पण डोकं वाचवायची त्याची ताकद गेलेली असते. तिथे नवंच घ्यायला सांगायचं.

ज्या गटांना यातून चार पैसे मिळवायचे असतील, त्यांनी लहान सुरुवात करावी. आधी भंगारातले तुटके भाग आणून हात बसवा. गिऱ्हाइकाला आधीच सांगा की जोड टिकेल, पण खूण दिसेल. कुठल्या गाडीचा कुठला भाग जोडला, ते वहीत लिहा आणि महिन्याने विचारा, धरलंय का. आपण बचतीचा हिशोब असाच ठेवतो ना?

पुढच्या वेळी घरात कुणी म्हणालं, "वितळलं, आता नवंच घ्यावं लागेल," तर पैसे काढण्याआधी तो भाग हातात घ्या. उलटा करून अक्षरं वाचा, आणि गाडीशी जाऊन शील्डचे स्क्रू मोजा. मग ठरवा.